आपोआप झालं

आमच्या भागात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना सगळे 'आपोआप' म्हणतात. हे नाव त्यांना गिऱ्हाइकांच्या खोटेपणामुळे पडलं, आणि त्या खोटेपणात माझा वाटा मोठा आहे. सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. माझी मुलगी म्हणते, तू गोष्ट सांगायला लागलीस की स्वतःला मधल्या पानापर्यंत लपवून ठेवतेस.

आपोआपांचं दुकान वह्या-पेनांच्या दुकानामागे, जिन्याखाली आहे. उंच माणसाला आत शिरताना वाकावं लागतं, आणि ते स्वतःच उंच आहेत. वर्षानुवर्षं वाकून वाकून त्यांची मान पुढे आली आहे, त्यामुळे ते कायम कोणाची तरी माफी मागत असल्यासारखे दिसतात. पूर्वी ते टाइपरायटर दुरुस्त करत. टाइपरायटर गेले तसे ते एका छापखान्यात कॉम्प्युटरवर बसले, आणि काही वर्षांनी तेही सोडून इथे आले. छापखाना का सोडला असं विचारलं की म्हणतात, "छताचा पंखा फार आवाज करायचा." फोन त्यांची थोरली बहीण उचलते. तिला ऐकू कमी येतं आणि यंत्रातलं काही कळत नाही, म्हणून ती सगळ्यांना एकच प्रश्न विचारते, "दिवा लागतोय का? लागतोय ना? मग जीव आहे. येईल तो."

त्यांचा एक नियम आहे. आधी वही, मग स्क्रू-ड्रायव्हर. ते घरी येतात, खुर्ची ओढून बसतात आणि जाड पुठ्ठ्याची एक लांब वही आपल्यापुढे सरकवतात. पानावर तीन रकाने असतात: 'कधी', 'काय करत होतात', 'काय दाबलंत'. आपल्या अक्षरात लिहायचं, खाली सही करायची. तोवर ते यंत्राला बोट लावत नाहीत. आणि तिसऱ्या रकान्यात शंभरातली नव्वद माणसं लिहितात, 'काही नाही. आपोआप झालं.' ते वाचून हे शांतपणे म्हणतात, "आपोआप का? बरं. मग चार दिवस लागतील. खरं असतं तर चार तासांत झालं असतं."

मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई आहे. विषाणू म्हणजे काय हे मला परीक्षेत सोळा गुणांसाठी आकृतीसह विचारलं होतं आणि मी चौदा मिळवले होते. पुढे नोकरी केली नाही, पण सवयी राहिल्या. बाहेरून आलेल्या माणसाने दाराच्या मुठीला हात लावला की मी तो गेल्यावर मूठ पुसते. एकदा तो माणूस विसरलेली छत्री घ्यायला परत आला आणि त्याने मला पुसताना पाहिलं. तो माझा दीर होता. तो विषय घरात अजून निघतो.

याच दिराने आपोआपांसमोर छाती काढून सांगितलं होतं, "मी माझ्या कॉम्प्युटरवर निराळी सिस्टीम टाकलीय. तिला व्हायरस होतच नाही. तुमचा धंदा बसवणार मी."

आपोआप आमच्या नव्या कॉम्प्युटरच्या वायरी लावत होते. ते टेबलाखालूनच म्हणाले, "असेल. कुलूप चांगलं असेल तुमचं."

"कुलूप काय, किल्ला आहे किल्ला!"

"बरं. आणि कोणी बाहेरून ओरडलं, की 'दार उघडा, तुमच्या पोराला रस्त्यात लागलंय', तर?"

दीर म्हणाला, "तर उघडीनच ना! तो काय कुलपाचा दोष?"

"मी कुठे कुलपाला दोष दिला?" आपोआप म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे वायरचं टोक मागितलं.

हे बोलणं मला इतकं पटलं की मी ते चार मैत्रिणींना स्वतःचं म्हणून सांगितलं. ते मलाही लागू आहे असा मात्र माझा गैरसमज झाला नाही. तो दिरासाठी आहे असंच मी धरून चालले.

त्या दिवशी त्यांनी आमच्या कॉम्प्युटरवर दोन खाती केली. एक रोजच्या वापराचं, ज्यातून वाचा, लिहा, चित्रं काढा, पण नवीन काही आत आणता येणार नाही. दुसरं मालकाचं. नवीन प्रोग्राम टाकायचा तर मालकाचा पासवर्ड द्यायचा.

"घरात सगळ्यात जास्त काळजी कोण करतं?" त्यांनी विचारलं.

नवरा आणि मुलगी, दोघांची बोटं एकाच वेळी माझ्याकडे वळली. आमच्या घरात इतक्या एकमताने दुसरा कुठलाच प्रश्न सुटलेला नाही. मी पदक घ्यायला पुढे व्हावं तशी पुढे झाले.

"मग ताईंना सोडून कोणालाही पासवर्ड द्या," आपोआप म्हणाले.

"म्हणजे काय? मी निष्काळजी वाटले तुम्हाला?"

"निष्काळजी माणूस परवडतो, ताई. खिडकी उघडली की तो न वाचता बंद करतो. तुम्ही सगळं वाचाल, घाबराल आणि मग दाबाल."

नवरा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पासवर्ड त्याने ठेवला. मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलले आणि तिसऱ्या दिवशी पासवर्ड ओळखला. त्याच्या पहिल्या स्कूटरचा नंबर. ज्या माणसाला लग्नाची तारीख विचारली तर तो छताकडे बघतो, त्याला स्कूटरचा नंबर झोपेत पाठ असतो, हे मला ठाऊक असायलाच हवं होतं. तरी मला दुसरा प्रयत्न लागला.

आपोआपांनी आणखी एक वस्तू दिली होती. हाताच्या तळव्याएवढी डबी, कॉम्प्युटरमधल्या सगळ्याची नक्कल ठेवायला. "रविवारी जोडायची, नक्कल करायची, काढून कपाटात ठेवायची. काढायची, बरं का," असं तीनदा सांगितलं. मी दोन रविवार काढून ठेवली. मग मला काळजी वाटायला लागली, की एखाद्या रविवारी मी आजारी पडले तर? विसरले तर? म्हणून मी ती कायमचीच जोडून ठेवली. मनाला फार बरं वाटलं.

आता मुलीचं सांगते. ती हात काढते. म्हणजे चित्रात. तिने आमच्या इमारतीतल्या बावीस माणसांचे हात काढायचं ठरवलं होतं. पहारेकऱ्याचे, शिवणकामवालीचे, पत्ते पिसणाऱ्या आजोबांचे. दूरच्या शहरातल्या एका चित्रकला महाविद्यालयात प्रवेशासाठी ही बावीस चित्रं पाठवायची होती, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. पावणेदोन वर्षांचं काम आमच्या त्या एका कॉम्प्युटरवर होतं. इंटरनेटवर ठेवते म्हणाली होती, तर मीच ठेवू दिलं नव्हतं. कोणीतरी चोरेल म्हणून.

त्या आठवड्यातला मंगळवार. नवरा कामावर, मुलगी कॉलेजात. सकाळी तिने एकविसावं आणि बाविसावं चित्र संपवलं होतं. बाविसावं माझ्या हातांचं होतं, कप पुसताना. मी मेथीची जुडी निवडायला घ्यावी तसा कॉम्प्युटर उघडला, सहज, हात रिकामे नकोत म्हणून. आणि शोधलं, 'त्या शहरात एकट्या राहणाऱ्या मुलींचं काय होतं'.

चौथ्या की पाचव्या पानावर पडदा लाल झाला. भोंगा वाजला. 'सावधान! तुमच्या संगणकात सतरा धोके सापडले आहेत. तुमच्या कुटुंबाची माहिती धोक्यात आहे. आत्ताच वाचवा.'

कुटुंबाची! मी वाचवायला धावले. आमची सिस्टीम किती चांगली होती हे मला नंतर मोजल्यावर कळलं. तिने मला तीनदा अडवलं. आधी विचारलं, ही फाईल धोकादायक असू शकते, नक्की ठेवायची? मी म्हटलं, धोका घालवायलाच तर ठेवतेय, आणि हो दाबलं. मग आपोआपांनी बसवलेल्या अँटिव्हायरसने ती पकडून बाजूला टाकली. तेव्हा त्या लाल पानाने अत्यंत नम्रपणे सुचवलं, की जुनं संरक्षण बंद केल्याशिवाय नवं नीट चालत नाही. ते मला शास्त्रीय वाटलं. मी जुनं बंद केलं. शेवटी सिस्टीमने मालकाचा पासवर्ड मागितला आणि स्पष्ट लिहिलं, 'बनवणारा: अज्ञात'. मी स्कूटरचा नंबर घातला.

प्रयोगशाळेत जिने कधी हातमोज्याशिवाय काचेची पट्टी उचलली नाही, तिने दार उघडून विषाणूला आत घेतलं, पाट मांडला आणि वर किल्ल्याही दिल्या. दहा मिनिटांत भोंगा थांबला. मला वाटलं, वाचलो. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी घड्याळ पाहिलं, कारण एवढं मोठं संकट टाळल्याची वेळ लक्षात ठेवावी असं वाटलं.

दुपारी मुलगी आली आणि तिच्या खोलीतून आवाज आला, "आई, माझ्या फायलींची नावं अशी काय झालीत?"

एकही चित्र उघडेना. डबीतली नक्कलही तशीच. डबी जोडलेलीच होती ना. पडद्यावर एक पाटी, पैसे भरा म्हणजे चित्रं परत देऊ. मुलीचा चेहरा मी पाहिला आणि म्हटलं, "अगं बाई! हे कसं झालं?"

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं ते मी आजही सांगू शकत नाही. तयारी केलेली नव्हती.

आपोआप तासाभरात आले. टेबलाजवळ बसून त्यांनी वही सरकवली. मी उभ्या उभ्याच लिहिलं, 'मंगळवार. काही नाही. आपोआप झालं.' सही केली. सही मात्र सुरेख आली.

त्यांनी वाचलं, पण नेहमीसारखं "बरं" म्हणाले नाहीत. म्हणाले, "ताई, कालच मी पंखा साफ करायला आलो होतो. आठवतंय? यंत्राचं पोट उघडण्याआधी मी सगळ्याची नक्कल करून नेतो. आठ दिवस दुकानात ठेवतो, काही बिघडलं तर गिऱ्हाईक म्हणायला नको. ती माझ्या खणात आहे."

"म्हणजे आहेत चित्रं?" मुलगी उभीच राहिली.

"आहेत. कालपर्यंतची, वीस. पण हे कधी आत शिरलं ते कळायला हवं. काल मी नेण्याआधीच आत बसलेलं असलं, तर नकलेतही ते असणार. ते मी परत लावणार नाही. असलं काही शिरलं की यंत्राच्या स्वतःच्या नोंदी आधी पुसून टाकतं. आता माणसांच्याच नोंदी."

"नक्कल तपासता येणार नाही?" मी विचारलं. आवाज फारच निरागस काढला होता.

"येईल की. एकेक फाईल करून. आठवडा जाईल."

शुक्रवार तीन दिवसांवर होता. मुलगी हळूच खाली बसली. मग तिने वही ओढली आणि माझ्या ओळीखाली लिहायला लागली. मी वाकून वाचलं. 'रविवार संध्याकाळ. चित्रासाठी फुकटचे ब्रश उतरवले. साइट ओळखीची नव्हती. माझी चूक.'

"मीच केलंय," ती म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "रविवारीच शिरलं असणार. तुमची नक्कलही गेली. दोन वर्षं गेली माझी."

"ब्रश तर चित्राच्या प्रोग्राममध्येच पडून राहतात बहुधा," आपोआप म्हणाले. "पण तुझ्याशिवाय कोणी काही केल्याचं लिहिलेलं नाही, मुली. मी रविवारच धरणार."

ती तोंड धुवायला आत गेली. आपोआप खिडकीतून बाहेर बघत बसले. समोर वही उघडी. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी पानं मागे उलटायला लागले. दुसऱ्यांचं वाचताना आपल्याला जरा हलकं वाटतं.

दाताच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'आपोआप. (बक्षिसाचं पत्र फक्त पाहिलं. भरलं नाही. थोडंसं भरलं.)' वकीलबाईंनी लिहिलं होतं, 'मी नाही. अशिलाने. त्यांचं नाव सांगता येत नाही.' शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर अख्खा रकाना कोरा ठेवून खाली शिक्का मारला होता. दिराचंही पान निघालं! किल्ल्याचा मालक. 'आपोआप. नवीन गेम.' एरवी मी या पानाचा फोटो काढून ठेवला असता.

उलटता उलटता पहिलं पान आलं. अक्षर आपोआपांचं.

'शनिवार दुपार. छापखान्यात शाळेच्या पुस्तकाची पानं लावत होतो. घरची फ्लॉपी न तपासता घातली. सगळी पानं गेली. मालकांना म्हणालो, आपोआप झालं. शेजारच्या टेबलावरच्या ऑपरेटर बाईंना कामावरून काढलं. त्यांचा काही संबंध नव्हता. मी बोललो नाही. हे अकरा वर्षांनी लिहितो आहे.' खाली सही.

छताचा पंखा.

मी वर पाहिलं. ते अजून खिडकीतूनच बघत होते. मी विचारलं, "त्या बाई पुढे भेटल्या का?"

"भेटल्या. मी वही घेऊन गेलो होतो दाखवायला. त्यांनी चहा दिला. वाचलं. म्हणाल्या, आता मला काय उपयोग?"

आतला नळ बंद झाला. मी पेन उचललं. मुलीच्या ओळीखाली लिहिलं, 'मंगळवार, सकाळी ११.२०.' मग दुसरा रकाना. काय करत होतात. तिथे मी 'बातम्या वाचत होते' असं लिहिणार होते, खरंच. तेवढं चाललं असतं, वेळ तर खरी होती. पण सही करायची होती आणि पहिलं पान नुकतंच वाचलं होतं. लिहिलं, 'मुलगी जिथे जाणार त्या शहरात मुलींचं काय वाईट होतं ते शोधत होते.' तिसऱ्या रकान्यात तीनही वेळचं लिहिलं. स्कूटरचा नंबरसुद्धा. तो रकाना अपुरा पडला, मी समासात गेले.

मुलगी येऊन मागे उभी राहिली होती. तिने सगळं वाचलं.

"आई," ती म्हणाली, "मुद्दाम?"

"नाही ग."

"मला जायला मिळू नये म्हणून?"

"दाबताना नाही," मी म्हटलं. "शोधताना कदाचित. तुला वाचून दाखवायला काहीतरी सापडावं, असं होतं मनात."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. तिने स्वतःची रविवारची ओळ एका रेघेने खोडली आणि आपोआपांना विचारलं, "काका, खरं असलं की चार तास म्हणता ना?"

"साडेतीन," ते म्हणाले आणि त्यांनी पहिल्यांदा यंत्राला हात लावला.

त्यांनी सगळं पुसून सिस्टीम नव्याने बसवली, दुकानातून नक्कल आणली आणि वीस चित्रं परत आली. एकविसावं तिने बुधवारी पुन्हा काढलं. बाविसाव्यासाठी गुरुवारी मला टेबलाशी बसवलं.

"कप आणू?" मी विचारलं.

"नको. माऊसवर हात ठेव. बोट जरा वर. हां, दाबू की नको असं वाटतंय, तसं."

तीन तास मी बोट वर धरून बसले. नवरा येऊन बघून गेला आणि म्हणाला, "एवढा वेळ मंगळवारी धरलं असतंस तर!" शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी बावीस चित्रं गेली. महिन्याने बोलावणं आलं. मुलाखतीत त्यांनी बाविसाव्या चित्राबद्दलच विचारलं म्हणे, हा हात कोणाचा, इतका घाबरलेला. ती म्हणाली, आईचा. घाबरलेला आहे हे मला चित्रात दिसलं नव्हतं. मला वाटलं होतं, नखं जरा मोठी झाली आहेत.

प्रवेश मिळाला. ती जाण्याआधी आपोआप येऊन नवा पासवर्ड बसवून गेले. कोणाला द्यायचा हा प्रश्न त्यांनी या वेळी विचारला नाही. मुलीच्या कानाशी वाकले, आधीच वाकलेले होते, आणि सांगून गेले. आता ती तिकडे आणि पासवर्डही तिकडे. नवऱ्यालाही नाही, कारण त्याचं मन मी दुसऱ्या प्रयत्नात ओळखते.

त्यामुळे काही नवीन टाकायचं तर मला तिला फोन करावा लागतो. ती वहीचे तीन प्रश्न विचारते, त्याच क्रमाने. कधी? काय करत होतीस? काय दाबलंस? मी सांगते. "नाही मिळणार," असं ती म्हणते, आणि मग आम्ही अर्धा तास दुसरंच बोलतो. जेवलीस का, खोलीतली दुसरी मुलगी कशी आहे, परतताना बरोबर कोण असतं. आपोआप परवा रस्त्यात भेटले तेव्हा मी त्यांना म्हटलं, हल्ली आठवड्यातून तीनदा मला काही ना काही टाकावंसं वाटतं. ते म्हणाले, "हे आपोआप होतं, ताई. हे मात्र खरंच आपोआप."

आत्ता रात्रीचा दीड वाजला आहे. हे लिहिताना पडद्याच्या कोपऱ्यात एक खिडकी आली, नवीन काहीतरी उपलब्ध आहे, आता टाकायचं का. बनवणाऱ्याचं नावही आहे, बहुतेक चांगलंच असेल. मी पूर्ण वाचलं. घाबरले. मग तिला निरोप पाठवला, 'जागी आहेस का? पासवर्ड हवा होता.'

लगेच उत्तर आलं. 'खरं सांग. काय करत होतीस?'

मी लिहिलं, 'तुझी काळजी.'

'मग बंद कर आणि झोप. मी खोलीवर पोचलेय केव्हाची.'

खिडकी बंद केली. न दाबता. म्हणजे फुलीवर दाबलं, पण ते चालतं, मी तिला विचारून घेतलं.